साडूंची चाल

सोमवार

पोचलो. एवढं एक क्रियापद लिहून दम लागला, म्हणून पेन ठेवून खिडकीकडे पाहिलं. खिडकी एकच आहे आणि ती काठोकाठ डोंगराने भरली आहे. आकाश बघायचं असेल तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं. जीपमधून उतरताक्षणी वाऱ्याने माझी टोपी उडवली, एका कुत्र्याने ती झेलली आणि परत करण्याविषयी काहीच उत्साह दाखवला नाही. हे आमचं स्वागत.

लॉजच्या मालकीणबाईंनी किल्ली टेबलावर आपटली. "गरम पाणी फक्त सकाळी. नळ सोडून ठेवायचा नाही. बूट घालून वर जायचं नाही, बूट खाली मांडणीवर." मी नम्रपणे विचारलं की चालतं काय काय. त्या म्हणाल्या, "झोपलेलं चालतं."

या गावात आठवडाभर राहायचं, विरळ हवेची शरीराला सवय करायची आणि मग तुकडीबरोबर वरची खिंड ओलांडायची, असा बेत आहे. तुकडीचा म्होरक्या सगळ्यांना ओळीत बसवून म्हणाला, "हवेशी जुळवून घ्या. आणि काही दुखलं-खुपलं तर लपवू नका." निघताना बायकोनेही हेच क्रियापद वापरलं होतं, फक्त नाम वेगळं होतं: "शेठशी जुळवून घ्या हो जरा." या दोहोंत हवेचं काम सोपं दिसतं.

शेठ म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाद्या, नळ आणि बेसिन विकतात. अख्खं सासर त्यांना शेठ म्हणतं. मी म्हणत नाही. शेठ हा शब्द 'श्रेष्ठिन्'वरून आला आहे, आणि व्युत्पत्ती ठाऊक असलेल्या माणसाला काही शब्द तोंडातून काढणं जड जातं. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी त्यांना कशानेच हाक मारलेली नाही. अगदीच गरज पडली तर "ऐकलंत का" म्हणतो. परिणामी आमचं बोलणं ऐकणाऱ्याला जुन्या वळणाच्या नवराबायकोचं वाटतं. ते मला पंडित म्हणतात. त्यात आदर नाही.

हे गृहस्थ काही वर्षांपूर्वी हीच खिंड पार करून आले आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला, कुणाला इस्पितळात भेटायला गेलं तरी खाटेशी बसून ती पुन्हा पार करतात. कथा नेहमी माथ्यावर संपते: "आणि मग काय पंडित, ढग पायाखाली!" खाली कसे आले ते कधीच सांगत नाहीत. बातमीदार म्हणून मला ही त्रुटी खटकते. शेवटचा परिच्छेद कुणीतरी कापल्यासारखा वाटतो.

शेवटी माझ्या रविवारच्या सदरात मी जाहीर करून टाकलं की प्रस्तुत लेखक ही खिंड ओलांडणार. वाचकांची पत्रं आली. संपादकांनी ज्या तत्परतेने रजा दिली तिचा विचार मी करत नाही. आता मागे फिरणं शक्य नाही. फिरलो तर साडू उरलेलं आयुष्य खिंडीच्या जोडीला माझं मागे फिरणंही सांगत बसतील. ते एकदा ऐकण्यापेक्षा मी खिंडीत गोठलेला बरा.

बाकी, यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी जाणार हे कळल्यावर आपणहून तयार झाले. "पंडितला एकट्याला सोडणार नाही," असं मेव्हणीला म्हणाले म्हणे. खिंडीवर मालकी हक्क आहे ना.

मंगळवार

साडू झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. अगदी थांबतात. मी कान देऊन वाट पाहतो, मनात शोकसभेचं भाषण जुळवतो, तेवढ्यात ते म्हशीसारखा सुस्कारा टाकून परत येतात. सकाळी उठून मला म्हणाले, "पंडित, झोपेत तुमचा श्वास थांबत होता. मी जागाच होतो." म्हणजे जागं राहिल्याचंही श्रेय माझ्याकडे ठेवायचं नाही.

सकाळी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलण्याने तिखट. बोटाला चिमटा लावून यंत्रावरचा आकडा बघितला आणि मग म्हणाल्या, "लाद्यांच्या या सांध्यावरून चाला. टाचेला अंगठा लावत. सरळ."

मी चाललो. चांगला चाललो. साडू चालायचं सोडून खाली वाकले. "बाई, ही लादी कुणी बसवली? उतार दाराकडे गेलाय."

"उतार आहे म्हणून तर कळतं, कोण पडतंय ते," बाई म्हणाल्या. मग सगळ्यांना उद्देशून: "आधी डोकं दुखतं. मग उलट्या होतात. मग हात ऐकत नाहीत, चाल बिघडते. आणि शेवटी माणूस म्हणतो, मला काहीएक झालेलं नाही. तिथून पुढे मेंदूला सूज असते आणि माझ्या हातात फार काही नसतं. ज्याला सरळ चालता येणार नाही तो वर जाणार नाही, खाली जाईल. वाद घालत असेल तर लवकर जाईल."

"शेवटचं लक्षण माझ्यात जन्मजात आहे," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. विरळ हवेत विनोद पोचत नसावा.

"सोबत्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवा. ज्याला होतं त्याला कळत नाही," बाई म्हणाल्या. यावर साडूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात वखवख होती.

मी माझी वेगळी परीक्षा ठरवली आहे. माझे सासरे हेच माझे संस्कृतचे गुरुजी. त्यांनी मला आधी विभक्ती दिल्या आणि मुलगी नंतर. रोज पहाटे त्यांच्या पडवीत आम्ही पोरं मांडी घालून 'देव' चालवायचो. आपल्याकडे शब्द चालवतात ही किती चांगली गोष्ट आहे. माणसाचे पाय दमले तरी देव चालता राहतो. तर रोज सकाळी उठल्याबरोबर देव चालवायचा. जोवर तो अडखळत नाही तोवर माझ्या मेंदूला धक्का नाही. आजचा निकाल: देवः देवौ देवाः, देवम् देवौ देवान्, देवेन देवाभ्याम् देवैः, आणि असं सरळ संबोधनापर्यंत. एकदाही थांबलो नाही.

शेजारच्या खाटेवरून साडू म्हणाले, "वा. सासुरवाडीला आल्यासारखं वाटलं. लग्न ठरल्यावर मी तिथे मुक्कामाला असायचो, तर पहाटे हेच. एक दिवस झोपू दिलं नाही तुम्ही लोकांनी."

गुरुवार

काल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. वारा आणि उकडलेले बटाटे, बस.

आज सरावासाठी वरच्या धारेपर्यंत चढून परत आलो. नियम असा की दिवसा उंच चढायचं आणि झोपायला खाली यायचं. म्होरक्याने बजावलं होतं की बोलता बोलता चढता येईल इतक्याच वेगाने चाला. साडू तर वऱ्हाडासारखे निघाले. एक पाऊल, मग विश्रांती, मग त्या पावलाचं कौतुक. "हळू, पंडित, हळू. डोंगर कुठे पळून जात नाही."

"ऐकलंत का, तुम्ही आरामात या. मी वर जाऊन जागा धरतो," असं म्हणून मी सुटलो. धारेवर त्यांच्या कितीतरी आधी पोचलो. ते वर आले तेव्हा मी खडकावर सहज बसल्याचा आव आणला होता. खरं सांगायचं तर उठता येत नव्हतं. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते आणि डोक्यात कुणीतरी छिन्नीने पाटा टाकवत बसलं होतं. साडू शेजारी बसले, पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "डोकं?"

"जागेवर आहे," मी म्हटलं.

खाली आल्यावर गुपचूप गोळी घेतली. मग आणखी एक. डोकेदुखी हा काही आजार नव्हे, तो विचारवंतांचा व्यवसाय आहे.

शुक्रवार

मालकीणबाईंनी सूपमध्ये मीठ ओतलं होतं. मी तसं सांगितलं. टेबलावरची बाकीची मंडळी मुकाट पीत होती. लोकांना चवच उरलेली नाही. नंतर ते सूप माझ्या पोटात राहिलं नाही. परतीच्या वाटेवरही खारटच लागलं, म्हणजे पुरावा दुहेरी.

मालकीणबाई पोछा घेऊन आल्या. "इथे येणारा जो तो माझ्या स्वयंपाकावर ढकलतो," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुमच्या साडूंबरोबर एक दाढीवाला होता, त्यांचा मित्र. त्यालाही सूप खारट लागायचं."

"मग? काय झालं त्याचं?"

"काय व्हायचं? वर गेला."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे यांचं सूप पोटात टिकलं नाही तरी माणूस वर जाऊ शकतो. खिंडीच्या कथेत या दाढीवाल्याचा उल्लेख मात्र साडूंनी कधी केलेला नाही. दुसऱ्याला श्रेयाचा कणही द्यायचा नाही म्हटलं की असं होतं.

साडूंनी उलटीबद्दल ऐकलं. "पंडित, डॉक्टरीणबाईंना सांगू या."

"सुपाची तक्रार डॉक्टरांकडे करत नाहीत," मी म्हणालो.

देव चालवला. चतुर्थीत जरा घसा अडकला, तो कोरड्या हवेमुळे.

शनिवार

या गावात सगळ्या वस्तू निकृष्ट मिळतात. जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. काल होत्या, आज एक पायरी मध्येच खाली गेलेली आहे आणि तिने मला भिंतीवर ढकललं. कपांचे कान चुकीच्या जागी आहेत. आणि माझ्या बुटांचे बंद! इतके बुळबुळीत बंद मी जन्मात पाहिले नाहीत. मांडणीपाशी बसून मी गाठ मारतो आहे, मारतो आहे, आणि गाठ बसतच नाही. दोन टोकं हातात येतात, एकमेकांना पाहतात आणि अनोळखी माणसांसारखी निघून जातात.

साडू समोर उभे होते. शेवटी मी अभिमान गिळून म्हटलं, "ऐकलंत का, जरा एवढे बंद बांधता का?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही," म्हणाले. "बंद बांधणार नाही मी." आणि सरळ दाराबाहेर निघून गेले.

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाकडे काही मागितलं. वाकायला लाज वाटली असणार. मोठे जावई ना! गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात रांगायला चालतं, साडूच्या पायाशी वाकायला चालत नाही.

आणि दुपारी खरा प्रकार उघडकीस आला. जिन्याखाली टेलिफोनपाशी हे मेव्हणीशी बोलत होते. मी वरच्या पायरीवर बसलो होतो (पायऱ्यांवर विश्वास नसल्यामुळे). आवाज दबका होता, पण बातमीदाराचा कान आहे.

"तो ऐकणाऱ्यातला नाही... हो, उलटीसुद्धा... माझ्यावर चिडेल तर चिडेल. जन्मभर तोंड नाही पाहिलं तरी चालेल. मागच्या वेळी मी गप्प बसलो. या वेळी नाही बसणार."

मागच्या वेळी म्हणजे काय ते मला बरोब्बर कळलं. घरबांधणीवरच्या लेखात मी त्यांच्या दुकानाचा उल्लेख केला नव्हता. तेव्हा गप्प बसले, आणि आता सूड. मला खिंडीखालून परत पाठवायचं, म्हणजे खिंड एकट्याची राहते. ही त्यांची चाल. इतकी वर्षं मी त्यांना फक्त कंटाळवाणे समजत होतो. कारस्थानीही आहेत हे ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "तुमचा आवाज असा का येतोय? जड झाल्यासारखा."

"अंतर आहे," मी म्हटलं.

"आणि शेठ काय म्हणतात?"

"तुझ्या ताईला विचार. तिकडे सगळं रीतसर कळवलं जातं."

रविवार

आज तपासणी. उद्या सकाळी तुकडी वर निघणार. सकाळपासून लॉजच्या बोळात लादीच्या सांध्यावरून चालण्याचा सराव केला. सांधा डावीकडे पळतो. मालकीणबाई म्हणाल्या, "नाहीतरी पाय घासताच आहात, खाली फडकं बांधून देऊ का?"

दवाखान्याबाहेर खोल खोल श्वास घेऊन ठेवले, त्यामुळे चिमट्याचा आकडा जेमतेम जमला. मग बाई म्हणाल्या, "चाला."

"गुडघा दुखावला आहे. जुनं दुखणं. कॉलेजात असल्यापासून."

"मंगळवारी नव्हता?"

"होता. मी सोसत होतो."

"बाई, हे खोटं बोलताहेत," साडू म्हणाले. सरळ, माझ्यासमोर, भर दवाखान्यात! "गुडघाबिडघा काही नाही. परवा उलटी झालीय. बुटाचे बंद बांधता येत नाहीत. रोज मुठीने गोळ्या खाताहेत."

"यांच्या साक्षीला किंमत देऊ नका," मी बाईंना म्हणालो. "हे माझे साडू आहेत. हे नातंच मुळी फिर्यादीचं असतं."

बाईंनी मला नाव, गाव, वार विचारला. मी तिन्हींची उत्तरं दिली, वर वाराची व्युत्पत्तीही दिली. त्या हसल्या नाहीत, पण जरा घुटमळल्या. बाहेर रांग होती. "सकाळी जीप निघायच्या आधी माझ्यासमोर या," म्हणाल्या. "गुडघा असो नसो, चालून दाखवायचं. त्याशिवाय वर नाही." आणि साडूंना: "तोवर तुम्ही यांच्याजवळच राहा."

रस्त्यावर मी त्यांना विचारलं, "समाधान झालं?"

"नाही झालं," ते म्हणाले. "आत्ताच खाली न्यायला हवं तुम्हाला."

"खिंड तुमच्या नावावर लागली आहे का? सात-बारा दाखवा."

"पंडित, खिंड गेली खड्ड्यात."

"मग इतकी वर्षं आम्हाला कशाला ऐकवलीत?"

ते खाली मान घालून चालू लागले. निरुत्तर केलं त्यांना, आणि खोलीत आल्यावर त्या विजयाप्रीत्यर्थ देव चालवला. मोठ्याने. देवः देवौ देवाः, देवम् देवौ देवान्, देवेन देवौ देवेन, देवेन देवौ देवेन, देवेन. घंटेसारखा खणखणीत. कुठे खोट नाही.

शेजारच्या खाटेवर साडू उठून बसले. "चाल चुकली."

"काय?"

"चाल. तुमच्या त्या देवाची. पुन्हा म्हणा."

ज्या माणसाला पंचमी म्हणजे फक्त नागाची माहीत, तो मला विभक्तीत चूक दाखवणार! मी पुन्हा म्हटलं. देवेन देवौ देवेन.

"तिसऱ्या ओळीत मध्ये लांब ओढायचं असतं," साडू म्हणाले, आणि बेसूर आवाजात गुणगुणू लागले, "देवेन देवाऽऽभ्याम् देवैः. मला त्याचा अर्थ कळत नाही, पण चाल पाठ आहे. पहाटे पहाटे ऐकलीय. तुम्ही तिथंच फिरताय."

मी चिडवायची परवानगी दिली नव्हती. भिंतीकडे तोंड करून लिहितो आहे. वहीवरच्या रेघाही या गावातल्याच निघाल्या, उतरत्या.

रविवार

बूट नाहीत. मांडणीवर सगळ्यांचे आहेत माझे नाहीत. साडूने चोरले. मी पाहिलं नाही पण त्याने चोरले. मालकीणबाईला विचारलं ती म्हणाली मला काय विचारता, आणि डोळे पुसले, तिला कांदा लागला असेल.

बाहेर जीप उभी होती. मी मोज्यांवर गेलो. म्होरक्याला सांगायला, की चोरी झाली आहे. रस्ता तिरका केला होता त्या लोकांनी मुद्दाम. मी सरळ चालत होतो आणि रस्ता निघून गेला. सगळे पाहत होते. टोपीवाला कुत्राही होता. डॉक्टरीणबाई पळत आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो मला काहीएक झालेलं नाही.

आता जीपमध्ये. नाकाला नळी. जीप खाली चालली आहे मी सांगतो आहे की खिंड वर आहे. कुणी ऐकत नाही. साडू माझा दंड धरून बसला आहे घट्ट पोलिसासारखा. देवेन देवेन दे

शुक्रवार, खालच्या गावातलं इस्पितळ

वरची नोंद माझ्याच अक्षरात आहे असं परिचारिका म्हणते. मी हरकत नोंदवून मान्य करतो. त्या दिवशी सोमवार होता, तोही दुरुस्त करून ठेवतो. वर्तमानपत्रात असतो तर खुलासा छापावा लागला असता.

मेंदूला सूज होती. इथले डॉक्टर म्हणाले, वर गेला असतात तर दुसऱ्या मुक्कामाच्या पुढे गेला नसतात. "वर गेला असतात" हे शब्द ऐकले आणि मालकीणबाईंचं वाक्य एकदम कानात वाजलं. सुपाचं, दाढीवाल्याचं. त्या बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. मी व्याकरण शिकलेला माणूस, आणि क्रियापदाचा अर्थ मला लागला नाही.

साडू खुर्चीत बसून आहेत. तुकडी खिंड ओलांडून गेलीसुद्धा. हे गेले नाहीत. गुडघे आता कुरकुरतात, पुन्हा यायचं वय नाही, हे त्यांनीच परिचारिकेला सांगताना मी ऐकलं. एरवी बसल्या बसल्या इस्पितळाच्या न्हाणीघराला नावं ठेवतात. मघाशी खाटेखालून पिशवी ओढली आणि माझे बूट बाहेर काढून ठेवले. बंद नीट बांधलेले.

मी विचारलं, "शनिवारी सांगितलं तेव्हा बांधले नाहीत."

त्यांनी बंदाची एक गाठ ओढून घट्ट केली. "मागच्या वेळी बांधले होते," म्हणाले. "त्याला येत नव्हते बांधता. हसला, म्हणाला, बोटं गारठलीत. मीही हसलो, वाकलो, बांधून दिले. चल म्हटलं. माथ्यापर्यंत आला. ढग बघितले त्याने. उतरताना बसला तो उठलाच नाही. कुणी विचारलं की मी ढगांपर्यंत सांगतो. पुढे सांगता येत नाही."

माझ्याकडे शब्द असतात असा माझा समज आहे. तोही सुजेबरोबर उतरला असावा.

अर्थात या माणसाबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. दुपारी डोळे मिटून पडलो होतो तर हे दाराशी परिचारिकेला रंगवून सांगत होते, "आणि मग काय, आमचे पंडित भर रस्त्यात, पायात मोजे, आणि म्होरक्याला म्हणतात, पंचनामा करा!" मी असं म्हणालो नव्हतो. पुढच्या प्रत्येक लग्नात मला हे ऐकायचं आहे. ज्याची धास्ती होती तेच झालं. फक्त एक सुधारणा आहे: या कथेत परतीचा प्रवास आहे. किंबहुना तेवढाच आहे.

बायकोने फोनवर विचारलं, "जुळलं का हो मग शेवटी?"

"हवेशी नाही जुळलं," मी म्हणालो. ती बराच वेळ रडली.

संध्याकाळी डॉक्टरांनी रोजच्यासारखा देव चालवायला लावला. ही परीक्षा साडूंनीच त्यांना सुचवली आहे, आणि निकालही तेच देतात. डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरून ऐकत होते. तृतीया आली. देवेन देवाभ्याम् देवैः. त्यांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे चालू झालं. सप्तमीपर्यंत पोचून मी थांबलो.

"शेवटची ओळ राहिली," डोळे न उघडता ते म्हणाले. "ती हाक मारायची."

"ती हाक मारायची हे तुम्हाला काय ठाऊक?"

"तिथे चाल वर चढते ना. लांबच्या माणसाला बोलावल्यासारखी."

गुरुजींनी इतकी वर्षं शिकवलं, पण संबोधनाची याहून नेमकी व्याख्या त्यांनीही केली नव्हती. मी ओळ पुरी केली. साडूंनी मान डोलावली, डॉक्टरांना "पास" म्हणाले आणि उद्याच्या जीपची चौकशी करायला उठले. चष्मा टेबलावर राहिला. त्याशिवाय त्यांना लादी आणि भिंत यांतला फरक दिसत नाही, नक्की कुठेतरी आपटणार. दारापर्यंत गेले होते. "ऐकलंत का" जिभेवर आलं आणि का कोण जाणे, तिथंच राहिलं.

"अहो शेठ," मी म्हटलं, "चष्मा."

ते वळले. दारात तसेच उभे राहिले. "काय म्हणालात?"

"चष्मा राहिला म्हटलं."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी काही म्हणालो असेन," मी भिंतीकडे कूस बदलली, "तर ते आजारात धरावं."